दाजींनी अमेरिकेहून दिलेला लॉक आयफोन विकायचाय? आधी दाजींना फोन लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दाजी न्यू जर्सीला असतात, दिवाळीला आले तेव्हा त्यांचा जुना आयफोन 13 तुम्हाला देऊन गेले, फोन एटी अँड टी या अमेरिकेतल्या मोबाइल नेटवर्क कंपनीकडून घेतलेला आहे, त्यात जिओचं सिम घातलं की 'सिम नॉट सपोर्टेड' येतंय आणि आता तुम्हाला तो विकायचाय. एक दुकानदार म्हणतोय दोन हजार द्या, दोन दिवसात अनलॉक करून देतो, दुसऱ्याने आहे तसाच निम्म्या किमतीत मागितलाय, तर कुणाचं ऐकायचं.

सध्या दोघांचंही ऐकू नका. मी आधी मिरजेत आणि मग सांगलीत असं मिळून 16 वर्षं रिपेअरिंग आणि सेकंडहँडचं काम करतोय, अमेरिकेहून आलेले असे फोन दर महिन्याला काउंटरवर येतात, आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईक आधी कुठंतरी पैसे घालवून मगच माझ्याकडं येतं. ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण ज्या कामाला पैसे गेले ते काम फुकटात होणारं असतं. लॉक तुमच्या फोनच्या आत कुठं बसवलेलं नाहीये. आयफोन सिम बदलल्यावर ॲपलच्या सर्व्हरला विचारतो की हा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, कुठल्या कंपनीशी बांधलेला आहे, आणि सर्व्हर सांगतो एटी अँड टी. ती नोंद बदलायचा अधिकार फक्त एटी अँड टीला आहे. गणपती पेठेतल्या, मारुती रोडवरच्या, माझ्यासकट कुठल्याच दुकानदाराकडं ती किल्ली नाही.

आपल्याकडं लोकांना हे पटकन कळत नाही कारण आपल्याला या भानगडीची सवयच नाही. भारतात फोन घ्यायचा एका दुकानातून आणि सिम घ्यायचं दुसरीकडून, हीच पद्धत. नाही म्हणायला 2003 मध्ये रिलायन्सचे सीडीएमए फोन आले होते, ते त्यांच्याच नेटवर्कवर चालायचे, 2008 ला आयफोन 3जी एअरटेल आणि व्होडाफोनने आणला तेव्हा तोही ज्याचा त्याच्याच सिमवर चालायचा, आणि आता जिओफोन, जिओभारत आहेत ते जिओवरच चालतात. पण तिकडं अमेरिकेत बरीच माणसं महागडा फोन कंपनीकडूनच हप्त्यावर घेतात, 24 नाहीतर 36 महिन्यांचे हप्ते, आणि हप्ते फिटेपर्यंत फोन पळून जाऊ नये म्हणून कंपनी तो आपल्या नेटवर्कला बांधून ठेवते. म्हणजे तुमच्या फोनवर लॉक आहे याचा एक अर्थ असाही असू शकतो की दाजींचे हप्ते अजून चालू आहेत, आणि ते तुम्हाला माहीत नाही.

आधी नक्की कुठलं लॉक आहे ते बघा, कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना 'लॉक' म्हणतात. सेटिंग्ज उघडा, जनरल, मग अबाउट, खाली यायचं, 'कॅरिअर लॉक' किंवा 'नेटवर्क प्रोव्हायडर लॉक' अशी ओळ दिसेल. तिथं 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा आहे आणि भानगड सिमची किंवा नेटवर्कची आहे. 'सिम लॉक्ड' असेल तर मी वर म्हटलं ते. दुसरं लॉक ॲपल आयडीचं, फोन रिसेट केल्यावर जुन्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड मागतो ते, त्याचा सिमशी काही संबंध नाही. आणि तिसरं म्हणजे नुसता स्क्रीनचा पासकोड. तुमच्या बाबतीत पहिलं नक्की आहे, पण दाजींनी फोन देताना आपला ॲपल आयडी काढला नसेल तर दुसरंही आहे, आणि मग दोन्ही किल्ल्या न्यू जर्सीत. म्हणून म्हणतोय आधी दाजींना फोन लावा.

फोन लावायची वेळ पण सांगतो, कारण लोक इथंच दोन-चार दिवस घालवतात. त्यांचं ऑफिसचं टाइम आणि आपलं झोपायचं टाइम एकच. रात्री साडेआठला इथून लावला तर थंडीत तिकडं सकाळचे दहा वाजलेले असतात, उन्हाळ्यात अकरा, तेव्हा माणूस जागा असतो आणि एटी अँड टीचं कस्टमर केअर पण चालू असतं. गेल्या वर्षी विश्रामबागच्या एक काकू आल्या होत्या, मुलीचा फोन घेऊन. मी दुकान बंद करायच्या वेळेला काउंटरवरच मुलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, काकूंनी त्या आयफोनवर *#06# दाबून आयएमईआयचे 15 आकडे एकेक करून वाचून दाखवले, मधे एकदा 8 चा 3 झाला, परत पहिल्यापासून वाचले, मुलीने तिकडं लॅपटॉपवर ते भरले. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. तिसऱ्या दिवशी फोन सुटला. खर्च शून्य. त्याच काकूंना आदल्या आठवड्यात एकाने साडेतीन हजार सांगितले होते.

दाजींना तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या, लाजायचं नाही. फोनचे सगळे हप्ते फिटलेत का. फोन हरवला किंवा चोरीला गेला म्हणून कधी तक्रार किंवा इन्शुरन्स क्लेम केला होता का. आणि तो आयएमईआय अजून त्यांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या लाइनवर चालू दिसतोय का. दुसरा प्रश्न विचारायला अवघड वाटतो मला माहितीय, पण असं होतं, माणूस फोन हरवला म्हणून क्लेम करतो, नवीन फोन मिळतो, मग जुना गादीखाली सापडतो आणि तो भारतात कुणालातरी दिला जातो. तो आयएमईआय तिकडच्या ब्लॅकलिस्टला गेलेला असतो आणि असा फोन कंपनी सोडत नाही.

तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पुढचं सोपं. एटी अँड टीचं डिव्हाइस अनलॉकचं पान आहे, तिथं आयएमईआय टाकायचा, त्यांचा ग्राहक आहे का नाही ते निवडायचं, नाव आणि ईमेल द्यायचा. ग्राहक नसलेल्या माणसालाही अर्ज करता येतो, तरी दाजींनी स्वतः केलेला बरा, काही विचारलं तर खातं त्यांच्या नावावर आहे. त्यांची अट अशी असते की फोन किमान 60 दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला पाहिजे, पैसे पूर्ण फिटलेले पाहिजेत आणि चोरी-फसवणुकीची नोंद नको. अर्ज केल्यावर ईमेलवर एक लिंक येते, ती 24 तासांत दाबावीच लागते, नाहीतर अर्ज रद्द, हे दाजींना आधीच सांगून ठेवा, लोक इथं विसरतात आणि मग म्हणतात कंपनीने नाकारलं. त्यानंतर साधारण दोन कामाच्या दिवसांत उत्तर येतं. शनिवार-रविवार धरू नका.

अमेरिकेतल्या दुसऱ्या कंपन्यांचं पण विचारतात म्हणून सांगून टाकतो. टी-मोबाइलची अट महिन्याच्या बिलावाल्यांसाठी 40 दिवस आणि पैसे पूर्ण फेडलेले अशी चालत आलीय, व्हेरायझनचे फोन बरीच वर्षं 60 दिवसांनी आपोआप सुटायचे. प्रीपेडच्या अटी जास्त कडक असतात, कुठं सहा महिने कुठं वर्ष. हे नियम कंपन्या बदलत राहतात म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या साइटवर वाचूनच करा. कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून नवीन फोन मोकळेच विकायचा नियम आहे, ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून, जपाननेही ऑक्टोबर 2021 पासून सिम लॉक जवळजवळ बंद केलं. त्यामुळं अलीकडं माझ्याकडं येणारे बहुतेक लॉक फोन अमेरिकेचेच.

आता त्या दोन हजारवाल्याबद्दल. माणसाला मी ओळखत नाही त्यामुळं त्याच्यावर आरोप करत नाही, पण 'दोन दिवसात अनलॉक' म्हणजे काय काय असू शकतं ते सांगतो. बरा प्रकार असा, की तो कुठल्यातरी ऑनलाइन सर्व्हरवाल्याला तुमचा आयएमईआय पाठवणार आणि तो तिकडं तोच फुकटचा अर्ज भरणार. दुसरा प्रकार चिपचा, आणि तो मला तुम्हाला नीट दाखवायचाय.

मागच्या उन्हाळ्यात कुपवाडचा एक पोरगा आला, नुकताच सेकंडहँड आयफोन घेतला होता, 'अपडेट केल्यापासून नेटवर्क गेलं' म्हणाला. मी पिन घालून ट्रे काढला, सिम उचललं, तर सिमच्या खाली हिरवट रंगाची नखाएवढी फिल्म चिकटवलेली, कागदासारखी पातळ, एका कोपऱ्यात बारीक काळा ठिपका, तीच चिप. याला बाजारात आर-सिम, गेव्ही असं काहीबाही म्हणतात. ती चिप सिम आणि फोनच्या मधे बसून फोनला फसवते, फोनला वाटतं आपल्याच कंपनीचं सिम आहे. फोन प्रत्यक्षात सुटलेला नसतोच, अबाउटमध्ये जाऊन बघितलं तर 'सिम लॉक्ड' तसंच लिहिलेलं. iOS चं, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमचं अपडेट आलं किंवा फोन रिसेट केला की खेळ खलास. त्या पोराला विकणाऱ्याने 'फॅक्टरी अनलॉक' सांगून विकला होता आणि आता फोन उचलत नव्हता. पोरगा एमआयडीसीत कामाला, चार महिन्यांचे पैसे साठवून फोन घेतलेला, ती फिल्म हातात धरून नुसता बघत बसला. म्हणून मी चिपचं काम करत नाही, आणि तुम्ही चिप लावून फोन विकू नका, तुमच्याकडून घेणारा असाच कुणीतरी असणार.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आयएमईआयच बदलून देतो म्हणणारे. तिथून उठून यायचं. आयएमईआयशी छेडछाड हा गुन्हा आहे, 2017 ला त्याचे वेगळे नियम आले आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मी स्वतः पण एकदा हात भाजून घेतलाय. सुरुवातीच्या काळात एका वेबसाइटवर गिऱ्हाइकाच्या फोनसाठी पैसे भरले, अडीच हजार, 'शंभर टक्के गॅरंटी' लिहिलेलं, आठ दिवस 'प्रोसेसिंग', मग स्टेटस 'रिजेक्टेड, नॉन रिफंडेबल'. गिऱ्हाइकाचे पैसे मी खिशातून परत दिले. तेव्हापासून नियम केला, ज्याच्या नावावर खातं त्याच्याशी आधी बोलणं होऊ दे, मगच फोन हातात घेणार.

मंजुरी आली की काय करायचं. फोन वायफायला जोडा, बंद करा, जिओ किंवा एअरटेलचं सिम घाला, चालू करा. बऱ्याचदा तेवढ्यावर होतं. नाही झालं तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण इरेज करा आणि परत सेटअप करा, म्हणजे तो सर्व्हरला नव्याने विचारतो. मग अबाउटमध्ये 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आलं का बघा, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि नुसत्या टॉवरच्या काड्यांवर जाऊ नका, एक कॉल लावा, एक घ्या, डेटा चालवून बघा. एकदा असा सुटला की कायमचा सुटला, अपडेट करा, रिसेट करा, परत लॉक होत नाही. चिप आणि खरा अनलॉक यात फरक हाच.

मंजुरी आली नाही तर कारण लिहिलेलं असतं. हप्ते बाकी असतील तर दाजींना हिशोब करायला सांगा, बाकी रक्कम किती आणि मोकळा फोन विकून किती मिळणार ते बघून भरायचं का नाही ठरवा. फरक खूप असतो, माझ्या काउंटरवर लॉक फोनला मोकळ्याच्या निम्मेच मिळतात, कधी त्याहून कमी, कारण घेणारा तो पार्टसाठीच घेतो. हप्ते भरणं परवडत नसेल तर कुणी अमेरिकेला परत जाणारं असेल त्यांच्या हाती फोन दाजींकडं पाठवा, तिकडं तो त्याच कंपनीच्या सिमवर व्यवस्थित चालतो, त्याला तिकडं किंमत आहे. आणि ब्लॅकलिस्टला असेल तर विकूच नका. इकडं कदाचित चालेलही, पण तो घेणाऱ्याच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

तुमचा आयफोन आहे पण कुणाचा सॅमसंग-मोटोरोला असेल तर थोडं वेगळं. तिथं दुसरं सिम घातलं की फोन नेटवर्क अनलॉक पिन मागतो, तो पिन कंपनी देते. अंदाजाने आकडे टाकत बसू नका, ठराविक चुकांनंतर ती खिडकी कायमची बंद होते आणि मग खरा पिन मिळाला तरी उपयोग नाही. टी-मोबाइलच्या काही फोनमध्ये पिनही नसतो, सेटिंगमध्येच 'नेटवर्क अनलॉक' असतं, मंजुरी झाल्यावर तिथून होतं. आणि अँड्रॉइडला सुटल्यानंतरही जिओवर कॉल लागतात का हे वेगळं तपासा, जिओला 2जी-3जी नाहीच, सगळे कॉल व्होल्टीवर, म्हणजे 4जी डेटावरून, आणि अमेरिकन कंपनीच्या काही मॉडेलांत जिओचं व्होल्टी चालू होत नाही. डेटा मस्त पळतो आणि कॉल लागत नाही, असं असेल तर घेणाऱ्याला आधी सांगा.

आता विक्री. दाजींचा ॲपल आयडी फोनमध्ये असेल तर त्यांनी तिकडं बसून आयक्लाउडच्या साइटवरून 'फाइंड माय' मधून हा फोन काढून टाकायचा, पासवर्ड तुम्हाला किंवा दुकानदाराला सांगायचा नाही. तुम्ही तुमचा आयडी टाकला असेल तर तुम्ही साइन आउट करा. फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, गुगल पे, फोन पे, बँकेची ॲप यातून बाहेर पडा, मग सेटिंगमधून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. शेवटी स्क्रीनवर 'हॅलो' दिसलं पाहिजे आणि पुढं गेल्यावर कुणाचाही ईमेल मागायला नको. मगच फोन दाखवायला न्या.

इथलं गिऱ्हाईक फोन हातात घेतलं की आधी पाण्याचं विचारतं, 2019 च्या पुरात एवढे फोन गेलेत की तो प्रश्न आता सांगलीच्या अंगातच बसलाय. आयफोन 13 ला सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारून बघितलं की एक बारीक पट्टी दिसते, पांढरी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर पाणी लागलंय. स्वतः आधी बघून ठेवा. बॅटरी हेल्थ 80 च्या खाली असेल तर किंमत खाली येणारच, पण विकण्यासाठी स्वस्तातली बॅटरी टाकू नका, 'अननोन पार्ट' म्हणून मेसेज येतो आणि भाव अजून पडतो. मॉडेल नंबरच्या शेवटी LL/A असतं म्हणजे अमेरिकेचा, आणि पहिलं अक्षर M असेल तर नवीन म्हणून विकलेला, F रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून परत विकलेला, N बदली दिलेला. माहीतगार गिऱ्हाईक हे बघतंच, तुम्हीही बघून जा.

तुमचा 13 आहे म्हणून बरं, त्याला सिमचा ट्रे आहे. आयफोन 14 पासून अमेरिकेच्या मॉडेलला ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय देतात ई-सिम, पण ज्याला दर आठवड्याला सिम काढून दुसऱ्या फोनला घालायची सवय आहे तो वैतागतो, आणि तो भाव कमी करूनच मागतो. पुढच्या वेळी दाजी 15-16 द्यायला लागले तर हे लक्षात असू द्या.

ज्याला विकणार त्याच्यासमोर त्याचंच सिम घालून कॉल लावून दाखवा, कॅरिअर लॉकची ओळ दाखवा. KYM लिहून स्पेस देऊन आयएमईआय, असा एसएमएस 14422 ला पाठवला की आपल्याकडच्या नोंदीत फोनची स्थिती कळते, सरकारच्या संचार साथी ॲपवर पण बघता येतं. एवढंच ध्यानात ठेवा की अमेरिकेतली ब्लॅकलिस्ट त्यात दिसेलच असं नाही, म्हणून दाजींना विचारलेलं ते वेगळं. कागद करा, साधाच, दोघांची नावं, आधारची झेरॉक्स, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या, आणि 'फोन अमेरिकेतून आलेला, कंपनीकडून अनलॉक केलेला' हे वाक्य. जमलं तर दाजींचं बिल किंवा मंजुरीचा ईमेल त्याला जोडा. हा कागद नुसता घेणाऱ्यासाठी नाही, उद्या तो फोन तिसऱ्याच कुणाकडं कशात सापडला तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी पाहिजे. पैसे यूपीआयवर घ्या, आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय फोन हातातून सोडू नका, समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की याच पैशातून दुसरा सेकंडहँड घेतोय, तर आपल्याकडचं जे लॉक आहे त्याकडं लक्ष द्या. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं ॲप असतं, हप्ता चुकला की फोनच बंद पडू शकतो. फोन घेताना विकणाऱ्याकडं बिल मागा आणि हप्त्यावर घेतलेला असेल तर फायनान्सची एनओसी मागा, नुसतं 'फिटलंय हो' चालणार नाही.

आत्ता एवढंच करा, *#06# दाबून आयएमईआय कागदावर लिहून घ्या, ट्रेवर किंवा बॉक्सवर असेल तर त्याच्याशी जुळवून बघा, आणि रात्री साडेआठला दाजींना लावा. त्या निम्म्या किमतीवाल्याला सांगा आठवडाभर थांब.